मौनाचा तास: उल्हासनगर ते जांभूळ

मी गप्प बसू शकतो असं शपथेवर सांगणारा माणूस अख्ख्या कराडात सापडणार नाही. सव्वीस वर्षं मी इतिहास शिकवतोय. अफजलखान माझ्या वर्गात प्रतापगडाच्या पायथ्याशी येतो, तेव्हा शेजारच्या वर्गातलं गणित थांबतं. स्नेहसंमेलनाचं नाटक मी बसवतो, निवेदन मी करतो, आभारही मीच मानतो, आणि ते आभार मूळ कार्यक्रमाइतके लांबतात. असा मी, दोन हजार आठच्या जानेवारीत तीन दिवस उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरजवळचं जांभूळ असा प्रवास करून आलो. कशासाठी, तर तिथल्या चाळीस शिक्षकांसमोर गप्प बसून दाखवायला.

हे कसं घडलं ते आधी सांगतो, कारण यात माझा एक गुन्हा आहे.

अंबरनाथचे गायकवाड सर गणित शिकवतात. त्यांनी शिक्षकांसाठी मराठीत एक साइट काढली आहे. आपण वर्गात केलेला उपक्रम तिथे लिहायचा, दुसऱ्यांनी तो वाचून आपल्या वर्गात करायचा आणि काय झालं ते खाली लिहायचं. आमच्या मुख्याध्यापकांना याचा सुगावा लागला आणि फर्मान निघालं की प्रत्येकाने एकेक उपक्रम पाठवावा. त्याच आठवड्यात संमेलनाच्या तालमींनी माझा घसा पार बसला होता. डॉक्टरांनी चार दिवस बोलणं बंद केलं होतं. खाटेवर पडून खुणेने चहा मागताना माझ्या डोक्यात आलं, शिक्षकाने एक तासभर तोंडच उघडलं नाही तर? उठलो, सायबर कॅफेत गेलो आणि ‘मौनाचा तास’ लिहून टाकला. शिक्षकाने फळ्यावर एक प्रश्न लिहायचा आणि खडू मुलांच्या हाती द्यायचा. एकाने येऊन उत्तरातलं काही लिहायचं किंवा काढायचं आणि खडू पुढच्याला द्यायचा. पस्तीस मिनिटं शिक्षकाने अवाक्षर काढायचं नाही.

खाली रकाने होते: इयत्ता, पट, किती वेळा केलं. मी लिहिलं, सातवी ब, त्रेपन्न, सहा वेळा. सातवी ब खरी. त्रेपन्न खरे. सहा वेळा हे मात्र शुद्ध नाटक. मी तो तास एकदाही घेतला नव्हता. वाचकांत कुणी शिक्षक असतील तर ते माझ्याकडे फार रागाने बघणार नाहीत. तपासणीच्या आधी कागदावर उपक्रम रंगवण्याची आपल्या हाताला सवय असते. हात आपोआप चालतो.

पण माझा हा उपक्रम लोकांनी उचलला. खाली प्रतिक्रियांची रांग लागली. आणि एक दिवस गायकवाडांचं पत्र आलं: जांभूळच्या शाळेत शनिवारी आम्ही शिक्षक जमतोय, तुम्ही या आणि मुलांसमोर मौनाचा तास घेऊन दाखवा.

नाही म्हणायला हवं होतं. पण चाळीस प्रेक्षक ठरले होते, आणि भरलेल्या प्रेक्षागृहाला मी आयुष्यात नाही म्हटलेलं नाही. बायकोला विचारलं. ती म्हणाली, “त्या चार दिवसांत घर किती शांत होतं. जा तुम्ही.”

उल्हासनगर

आमच्या कराडात पेठांना वारांची नावं आहेत, त्यामुळे माणूस हरवला तरी निदान कोणत्या वारात हरवला ते कळतं. उल्हासनगरात पत्ते कॅम्पच्या आकड्यांत असतात. मला जायचं होतं तीन नंबरला आणि रिक्षावाल्याने मला मोठ्या आदराने चार नंबरला उतरवलं. समोर जीन्सच्या पॅन्टींची दुकानंच दुकानं. एकेका दोरीवर इतक्या पॅन्टी की आमच्या शाळेचा सगळा पट एकाच फेरीत झाकून निघावा. एका दुकानात शाळेचा पत्ता विचारला. दुकानदाराने पत्त्याआधी माझ्या कमरेकडे पाहिलं.

“सरजी, अडतीस?”

“मला शाळा हवी आहे.”

“शाळा मिळेल ना. पहिले बसा तर खरं.”

मी बसलो. चहा आला. अडतीस आणि चाळीस या विषयावर चर्चा झाली, त्यात तो जिंकला. मग त्याने स्वतः दुकानाबाहेर येऊन रस्ता दाखवला. कराडात दुकानदार आधी पत्ता सांगतो आणि मग वाटलं तर चहा. इथे क्रम उलटा आहे आणि मला तो जास्त आवडला.

मोटवानी मॅडम शाळेच्या फाटकाशीच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला, चाल पोलिसासारखी. घरची भाषा सिंधी, शिकवतात मराठी. त्यांच्या वर्गातली निम्मी मुलं घरी सिंधी बोलतात, उरलेली मराठी, आणि मैदानावर सगळी हिंदी. त्यांनी मला आधी शिक्षक खोलीत नेलं आणि पुढ्यात दाल-पकवान ठेवलं. पकवान म्हणजे मैद्याची कडक तळलेली मोठी पुरी. ती मोडून वर हरभऱ्याची डाळ, चिंचेची चटणी, कांदा. मोडताना असा आवाज होतो की गुपचूप खाणं अशक्य.

मग त्यांनी त्यांची करामत दाखवली. शब्दकोडी बनवून देणारी एक परदेशी साइट आहे. तिला मराठी अक्षरं कळत नाहीत. मॅडम काय करतात, तिथून नुसत्या रिकाम्या चौकटी छापून घेतात आणि अक्षरं स्वतः पेनने भरतात.

“आमच्या मुलांना मी सांगते, चौकट अमेरिकेची, अक्षर आपलं,” त्या म्हणाल्या. “आणि आता मुलंच कोडी बनवतात. सिंधीत आणि मराठीत जे शब्द सारखे, ते शोधून आणायचे. घरी आजीला विचारून येतात. ज्या आजी शाळेचं नाव काढलं की तोंड फिरवायच्या, त्या आता विचारतात, उद्याचे शब्द कुठले?”

मी वहीत उतरवून घेतलं. इथपर्यंत दिवस फार छान चालला होता.

“आता एक विचारू, साईं?” मॅडम पुढे सरकल्या. सिंधीत साहेबांना आदराने साईं म्हणतात. “तुमचा मौनाचा तास. तुम्ही लिहिलंय, खडू मुलांना दिल्यावर शिक्षकाने वर्गाच्या मागे जाऊन उभं राहायचं. मी मागे गेले की सगळा वर्ग माना वळवून मागे बघतो. फळ्याकडे सगळ्यांची पाठ. तुमच्याकडे असं नाही होत?”

“वर्गावर अवलंबून असतं,” मी म्हणालो. शिक्षणक्षेत्रात हे वाक्य कधीही वाया जात नाही.

“मी मग मागे नाही जात. मुलांच्या बाकावर मधेच बसते. दोन मिनिटात विसरतात मला.”

“मीही हल्ली तेच करतो.”

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग माझ्या ताटात आणखी एक पकवान ठेवलं.

“खा, साईं. गप्प बसायला ताकद लागते.”

अंबरनाथ

दुसऱ्या दिवशी सकाळी गायकवाड सर मला शिवमंदिर दाखवायला घेऊन गेले. पस्तिशीचे असतील, अंगाने बारीक, बोलणं मोजून. मंदिर हजारएक वर्षांपूर्वीचं, काळ्या दगडाचं, आणि भिंतीवर कोरीव काम इतकं की नजर ठेवायला मोकळी जागा नाही. मी एका मूर्तीपाशी थांबून गायकवाडांना दोन शब्द सांगू लागलो. शेजारी सहलीला आलेलं एक कुटुंब थांबलं. मग आणखी दोघं थांबले. मी आवाज जरा वर घेतला. पाऊण तासाने मी शिलाहारांच्या दरबारात पोचलो होतो आणि माझ्यापुढे वीसेक माणसं होती. एका गृहस्थाने तर मुलाला खांद्यावर घेतलं होतं.

परत फिरताना गायकवाडांनी घड्याळ पाहिलं. “सर, सहज विचारतो. उद्या जमेल ना?”

“का नाही जमणार?” मी म्हणालो. पण घशात खरखर झाली.

दुपारी त्यांचा तास पाहिला. त्यांच्या शाळेत मुलांसाठी एकच संगणक चालतो, तोसुद्धा मूडवर. गायकवाड आदल्या दिवशी सायबर कॅफेत जाऊन उपग्रहातून घेतलेलं, मुलं राहतात त्या बुवापाडा वस्तीचं चित्र छापून आणतात. प्रत्येक गटाला एक चित्र आणि एक पट्टी. आपलं छप्पर शोधा, मोजा, क्षेत्रफळ काढा. छपरं सगळी एकसारखी पत्र्याची, त्यामुळे शोधतानाच अर्धी मजा. एका मुलीला पाण्याच्या टाकीवरून घर सापडलं. एकाचं सापडेना. तो म्हणाला, “सर, आमच्यावर निळा प्लास्टिक हाय.” सगळा गट निळ्या ठिपक्याच्या मागे लागला आणि ठिपका मिळाल्यावर त्याने त्यावर बोट असं ठेवलं की जणू कुणी घर पळवून नेईल. मग दोन गटांची उत्तरं जुळेनात. दोन्ही गट शाळा सुटल्यावर दोरी घेऊन खरी घरं मोजायला गेले.

“हे सगळं तुम्ही साइटवर लिहिलंय?” मी विचारलं.

“लिहिलंय. पहिल्या वेळी पूर्ण फसलं होतं, तेही लिहिलंय. चित्र फार लहान छापलं होतं.”

संध्याकाळी बुवापाड्यात त्यांच्या घरी जेवायला गेलो. दोन खोल्या. दारात त्यांच्या आईंनी “जयभीम” म्हणून स्वागत केलं, मीही “जयभीम” म्हणालो. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, त्याखाली टेबलावर संगणक, त्यावर विणलेलं झाकण. साइट ती हीच, याच टेबलावरून चालते. आईंनी ज्वारीच्या भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. आमच्याकडे बोंबील पाव्हण्यासारखा येतो, इथे तो घरचाच असतो, हे पहिल्या घासात कळलं.

“सर, तुमचा तो गप्प राहायचा तास,” आई म्हणाल्या. “ह्याने पयल्यांदा घेतला तवा घरी येऊनसुदिक बोलंना. मला वाटलं नोकरी गेली.”

“सवय लागली होती, आई,” गायकवाड म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ह्या साइटला एकच नियम आहे, सर. करून पाहिलं असेल तरच टाकायचं. माझ्या एका जिवलग मित्राने न करता लिहिलं होतं. कळलं तेव्हा मी ते पान काढून टाकलं. तो आजही माझ्याशी बोलत नाही.”

घास माझ्या हातातच राहिला. “एवढं कशाला पण? कल्पना चांगली असेल तर?”

“एका बाईंनी त्याचं वाचून दोन दिवस तयारी केली. वर्गात सगळं कोसळलं. मुलं हसली. बाईंना वाटलं, चूक आपलीच, कारण ह्याला तर जमलंय असं लिहिलंय. त्या नंतर काही नवीन करायलाच तयार होईनात.”

मी तोंड उघडलं. खरं सांगतो, कबूल करायलाच उघडलं होतं. तेवढ्यात आईंनी अर्धी भाकरी वाढली आणि गायकवाड म्हणाले, “म्हणून तुम्हाला बोलावलं, सर. सगळ्यात जास्त लोकांनी तुमचंच करून पाहिलंय. मूळ माणसाकडून ते बघायला मिळावं म्हणून.”

मी भाकरी खाल्ली.

जांभूळ

शनिवारी सकाळी रिक्षात बसल्यापासून मी सराव सुरू केला. एक शब्द बोलायचा नाही. चिखलोलीजवळ नव्या इमारतींच्या रांगा लागल्या, बांबू बांधलेल्या, खिडक्यांना अजून काचा नाहीत. त्यावर माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी ओठ दाबून बसलो. गायकवाडांनी तब्येत विचारली, मी अंगठा दाखवला. त्यांनी चहाचं विचारलं, मी पेल्याची खूण केली.

रिक्षावाला आरशातून बघत होता. “साहेबांना ऐकू येत नाय का?”

“शिक्षक आहेत,” गायकवाड म्हणाले. त्याला ते पटलेलं दिसलं.

जांभूळची शाळा म्हणजे चार खोल्या, एक ओटा आणि मागे शेतं. गावाजवळच पाण्याचं मोठं केंद्र आहे. नदीचं पाणी तिथे घेऊन, स्वच्छ करून कारखान्यांच्या वसाहतींकडे पाठवतात. सातवीच्या भोईर बाईंनी मला बाजूला घेतलं. “सर, प्रश्न पाण्याचाच घाला. ह्या पोरांचे बाप-काके तिथंच कामाला. तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल त्यांना, राग नका मानू.”

मी राग मानला नाही, कारण ऐकतच नव्हतो. सत्तावीस मुलं समोर, मागे आणि खिडक्यांशी चाळीस शिक्षक. मोटवानी मॅडम दाराशी. गायकवाड घड्याळ हातात घेऊन. मी फळ्यावर लिहिलं: नदीचं पाणी आपल्या गावातून पुढे कुठे जातं? खडू पहिल्या बाकावर ठेवला आणि, मॅडमनी सांगितलं होतं तसा, मुलांच्यात बाकावर जाऊन बसलो.

पहिली पाच मिनिटं म्हणजे काय असतात, ते वाचून कळणार नाही. मुलं माझ्याकडे बघत होती. मी छताकडे. एक मुलगा उठला, नदी काढली, बसला. दुसऱ्याने पूल काढला. तिसऱ्याने पुलावर एक माणूस काढला आणि त्याला मिशी, आणि वर्ग हसला. आमच्या सातवी ब मध्ये मी यावर दहा मिनिटांचं भाषण दिलं असतं. मी जीभ दातांत धरली. मिशीवाल्याला पुढच्या मुलीने पुसून टाकलं आणि तिथे गाव लिहिलं. कुणी शेतं काढली, कुणी गावामागची टेकडी, कुणी केंद्राच्या टाक्या. फळा भरत चालला. हळूहळू मुलं एकमेकांना कुजबुजून सांगू लागली, “अरे, तो रस्ता अलीकडं घे.” माझी हजेरी ती खरंच विसरली होती.

मग प्रणाली नावाची एक मुलगी उठली. दोन वेण्या, हाताला खडूची पूड. तिने नदीपासून एक जाड रेघ ओढली आणि ती तिरकी वर, टेकडीकडे नेऊ लागली. वर एक चौकोन काढला, त्यात लिहिलं, टाकी. आणि रेघेवर बाणाचं टोक काढलं, वरच्या दिशेने.

पाणी टेकडी चढत होतं.

सव्वीस वर्षांचा शिक्षक आत धडका मारत होता. वर्गात कुणीच काही म्हणेना. सगळी मुलं मान डोलावत होती. चूक फळ्यावर राहणार, मुलं तीच घेऊन घरी जाणार. मी बाक घट्ट धरला. प्रणालीने खडू पुन्हा टेकवला.

“अगं बाळा,” मी म्हणालो, “पाणी कधी डोंगर चढतं का?”

गायकवाडांनी घड्याळ पाहिलं. प्रणालीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, चकित होऊन, पण नम्रपणे.

“चढतं, सर. पंप हाय ना.”

“पंप?”

“तोच काढत होते.” आणि तिने रेघेच्या खालच्या टोकाला एक गोल काढला, त्याला पंखा काढला, लिहिलं, पंप. “ही नदी नाय, पाइप हाय. माझा पप्पा तिथंच ड्यूटीला असतो.”

वर्ग असा हसला की ओट्यावरचा कुत्रा उठून गेला. मागचे चाळीसही हसले. मीही हसलो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. एका रेघेने मी चुकलो होतो. आणखी अर्धं मिनिट गप्प बसलो असतो तर फळ्यानेच मला शिकवलं असतं. मुलांनी मात्र तास सोडला नाही. प्रणालीने खडू पुढे दिला आणि पाणी टाकीतून अंबरनाथच्या कारखान्यांकडे उतरू लागलं.

मुलं गेल्यावर शिक्षकांच्या शंका सुरू झाल्या. एका तरुण बाईंनी हसत विचारलं, “सर, आज सतराव्या मिनिटाला बोललात. सातवी ब मध्ये पहिल्यांदा घेतला तेव्हा कितव्या मिनिटाला?”

काहीही आकडा सांगता आला असता. सगळे खुशीत होते. मी गायकवाडांकडे पाहिलं. ते वही उघडून बसले होते, लिहून घ्यायला.

“सतराव्याच,” मी म्हणालो. “आजच पहिल्यांदा घेतला. ते सहा वेळा मी नुसतं लिहिलं होतं.”

इतकं लक्ष देऊन माझं बोलणं कोणत्याही प्रेक्षकांनी ऐकलेलं नाही. ते मला मुळीच आवडलं नाही.

“मला माहीत होतं, साईं,” दाराशी मोटवानी मॅडम म्हणाल्या. “परवा नाही, तुमचं वाचलं तेव्हाच. ज्याने केलंय तो लिहितो की काय बिघडलं. तुमच्या पानात काहीच बिघडत नव्हतं. मी तर पहिल्या वेळी चौथ्या मिनिटाला ओरडले होते.”

“सात,” मागून कुणी म्हणालं. “मी नऊ.” “मी गाणं म्हटलं, ते धरायचं का?”

खोलीत पुन्हा हसू फिरलं. गायकवाड हसले नाहीत. त्यांनी वही मिटली.

“सर, तुमचं पान आज काढावं लागेल.”

“काढा.”

“खालच्या प्रतिक्रिया ठेवतो. त्या खऱ्या आहेत.” वही पिशवीत ठेवत ते म्हणाले, “तुम्ही घ्या हा तास. मग परत पाठवा. वाट बघतो.”

मग आम्ही ओट्यावर जेवलो. तांदळाच्या पांढऱ्या मऊ भाकरी आणि वालाचं बिरडं. भोईर बाई वाढताना म्हणाल्या, “सर, पोटभर खा, पाणी गावचंच हाय. न चढवता आणलंय.” गायकवाड माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी मला लिंबू दिलं. मित्राचं पान काढल्यावर त्यांचं बोलणं बंद झालं, माझं काढूनही का नाही, ते मी विचारलं नाही.

कराडला आल्यावर सातवी ब मध्ये मी तो तास घेतला. बाराव्या मिनिटाला बोललो. दुसऱ्या आठवड्यात एकविसाव्या. तिसऱ्या खेपेला प्रश्न होता, आपल्या गल्लीतलं सगळ्यात जुनं काय? मुलांनी झाडं काढली, पार काढला, एका म्हातारीचं नाव लिहिलं आणि तिच्या वयावरून जुंपली. घंटा झाली. मी एक शब्द बोललो नव्हतो. मी दारात जाऊन उभा राहिलो, छाती काढून, टाळ्यांची वाट बघत. त्रेपन्न मुलं फळ्याशी भांडत होती. माझ्या वर्गात माझ्याकडे कुणी बघत नाही असं सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच होत होतं, आणि मला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं.

गायकवाडांना सगळं लिहून पाठवलं, बारा आणि एकवीससकट, आणि काय बिघडलं ते सांगताना, शेवटी मला वाईट वाटलं हेही लिहिलं. त्यांनी एक अक्षर न बदलता ते साइटवर चढवलं.